गावच्या माळावर कंपनीचा दावा, सातबाऱ्यावर नाव कंपनीचं, आता गावानं काय करायचं?

पंचगंगाकाठ

राम राम मंडळी. आमचं गाव करवीर तालुक्यात, नदीच्या काठाला. मॅटर कोर्टात असल्यानं गावाचं आणि कंपनीचं नाव इथं टाकत नाही. गावाच्या वरच्या अंगाला पावणेतीन एकराचा माळ आहे, आमच्या आज्यापणज्यापासनं सगळे त्याला गायरानच म्हणतात. बेंदराला बैल तिथं फिरवायचे, पोरं तिथंच क्रिकेट खेळून मोठी झाली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे महापुरात गावाला तेवढी एकच उंच जागा आहे. २०१९ च्या ऑगस्टला पाणी चढलं तेव्हा आमच्या चार म्हशी आणि एक रेडकू मी रात्री अकराला गुडघाभर पाण्यातनं दोराला दोर बांधून वर नेली. खालच्या गल्लीतली झाडून सगळी जनावरं तिथं होती, वर ताडपत्र्या मारल्या होत्या, दुधाची गाडी गावात येऊ शकत नव्हती म्हणून दूध तिथंच काढून माणसांना वाटलं. २०२१ च्या जुलैत परत तेच.

आता गेल्या वर्षी एका कंपनीनं येऊन माळाला सिमेंटचे पोल रोवले, तारा ओढल्या. म्हणे गोडावून बांधणार. ग्रामपंचायतीनं पोल काढा म्हणून नोटीस दिली, तर कंपनी थेट दिवाणी कोर्टात. दाव्यात मागणी अशी की आम्ही मालक आहोत असं जाहीर करा आणि ग्रामपंचायतीला कायमची मनाई करा. निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, जैसे थे चा आदेश झालाय, म्हणजे त्यांचे पोल हलत नाहीत आणि आमची जनावरं आत जात नाहीत.

मोबाईलवर सातबारा काढून बघितला तर त्या गटाला कंपनीचंच नाव. नव्वदच्या दशकात शेजारच्या एका कुटुंबाकडनं खरेदी घेतल्याचं कळलं. तेव्हापासनं गावात सगळ्यांनी हातपाय गाळलेत. काही सदस्य म्हणायला लागलेत की वकिलाचा खर्च कुठनं काढायचा, कंपनी देवळाला सभामंडप बांधून देते म्हणते तर मिटवून टाकू.

मला एवढंच विचारायचंय, सातबारा त्यांच्या नावावर असला म्हणजे विषय संपला का? आणि आम्हा गावकऱ्यांना कोर्टात काही बोलता येतं का, का सगळं ग्रामपंचायतीच्याच हातात? जाणकारांनी कृपया सांगा, यंदाचा पावसाळा तोंडावर आलाय.

---

शाहूपुरी_व्यापारी

भावा वाईट वाटून घेऊ नको पण सातबाऱ्यावर नाव आणि हातात रजिस्टर खरेदीखत असेल तर कोर्टात दुसरं काय लागतं? कंपनीनं पण पैसे मोजूनच जागा घेतली असणार ना. तीस वर्षं गावानं सातबारा उघडून बघितला नाही ही चूक कुणाची? मी गावाच्या विरोधात नाही, पण कोर्टात वीस वर्षं जातील, त्यापेक्षा अर्धा एकर तरी जनावरांसाठी लिहून घ्या आणि मिटवा असं माझं प्रामाणिक मत.

---

निवृत्त_तलाठी

पंचगंगाकाठ, आधी मिटवू नका, आधी कागद काढा. मी ३१ वर्षं गावं सांभाळलीत त्यामुळं हे ठामपणे सांगतो.

सातबारा हा मुळात महसुलाचा कागद, सारा कुणाकडनं घ्यायचा आणि पीक काय आहे हे कळण्यासाठीचा. जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५७ मध्ये असं आहे की नोंद प्रमाणित झाली की ती खरी आहे असं गृहीत धरायचं, पण कुठपर्यंत, तर तिच्या विरुद्ध शाबीत होईपर्यंत. फेरफारानं मालकी मिळत नाही हे सुप्रीम कोर्टानं कितीतरी वेळा सांगितलंय. शाहूपुरी_व्यापारी म्हणतात त्या खरेदीखताचं पण तसंच, रजिस्टर ऑफिसात दस्त नोंदवताना विकणाऱ्याची मालकी खरी का खोटी याचा निवाडा तिथं होत नाही. ज्याच्याकडं तीन एकर आहेत त्यानं सहा एकराचं खत करून दिलं तरी घेणाऱ्याला तीनच मिळतात.

आता खरा मुद्दा. तुम्ही गट नंबर म्हणताय, म्हणजे तुमच्या गावात एकत्रीकरण झालंय. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली जुने रिव्हिजन सर्व्हे नंबर जाऊन गट पडले तेव्हा कागदावर लई घोळ झाले. शेजारच्याचं क्षेत्र कमी लागलं, कुणाचं जास्त लागलं, रस्ते गेले, विहिरी गेल्या आणि गायरानंसुद्धा शेजारच्या गटात जाऊन बसली. माणूस शेतात होता तिथंच राहिला म्हणून कुणाला कळलं नाही, कळलं ते जमिनीला भाव आल्यावर.

तेव्हा काय काढायचं ते सांगतो. तहसीलच्या अभिलेख कक्षातनं त्या गटाचे पहिल्यापासनचे हस्तलिखित सातबारे आणि सगळे फेरफार, आपल्याकडची म्हातारी माणसं ज्याला डायरी म्हणतात ते. कडईपत्रक, म्हणजे सातबाऱ्याच्या आधीचा जुना उतारा, मिळालं तर सोडू नका. भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडनं जुना आकारबंद (नंबरवार क्षेत्र आणि साऱ्याचा कागद), जुना गाव नकाशा, गुणाकार बुक (मोजणीच्या आकडेमोडीची वही), आणि एकत्रीकरणाचा ९(३) ९(४) चा उतारा, त्यात कुठल्या जुन्या नंबरचा कुठला गट झाला ते कळतं. आणि गावातच तलाठ्याकडं गाव नमुना १ आणि १-ब बघा, सरकारी जमिनीची नोंद तिथं असते. माळ जर अजून १-ब ला गायरान म्हणून दिसत असेल तर एकच माती दोन कागदांवर आहे असं झालं, आणि मग कंपनीलाच उत्तर द्यावं लागेल.

प्रत्येक कागद शिक्क्याचा घ्या. मोबाईलवरच्या फोटोवर कोर्ट चालत नाही. कुणी टाळाटाळ केली तर माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

तो शेजारच्या कुटुंबाचा जुना सर्व्हे नंबर आणि त्याचं जुनं क्षेत्र सापडलं तर इथं टाका, हिशोब मी करून देतो.

---

वकील_बावडा

मी दिवाणीच करते, पण तुमचे पेपर बघितलेले नाहीत त्यामुळं हे सगळं ढोबळ समजा. काकांनी कागदांचं सांगितलंय, मी कोर्टाचं सांगते.

पहिला प्रश्न, दाव्यात प्रतिवादी कोण कोण आहे? गायरान ग्रामपंचायतीच्या देखरेखीला असलं तरी जमीन सरकारची असते. त्यामुळं राज्य सरकारला, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, पार्टी न करता मालकी ठरवून मागणं हे फार कच्चं आहे. आणि सरकारवर दावा लावायचा तर सीपीसीच्या, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या, कलम ८० खाली आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, घाई असेल तर कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. हा मुद्दा ग्रामपंचायतीच्या कैफियतीत, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरात, आलाय का ते आधी बघा. कैफियत दाखल करायला ३० दिवस असतात, कोर्ट वाढवून ९० पर्यंत देतं. ती मुदत चुकली तर पुढं सगळंच अवघड होतं, त्यामुळं उद्याच्या उद्या विचारा.

दुसरं, गावकऱ्यांना बोलता येतं. सीपीसीच्याच ऑर्डर १ रूल १० खाली तुमच्यापैकी काहीजण आम्हाला पण प्रतिवादी करून घ्या असा अर्ज देऊ शकता. मंजूर होईलच असं नाही, कोर्ट विचारेल तुमचा वेगळा हितसंबंध काय. तिथं तुमचं पुराचं म्हणणं कामाला येतं. संपूर्ण गावाच्या वतीनं मोजक्या लोकांनी उभं राहायचं असेल तर रूल ८ आहे, त्याला कोर्टाची परवानगी आणि जाहीर नोटीस लागते.

तिसरं, गावच्या सामाईक जमिनीबद्दल सुप्रीम कोर्टाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल आहे. त्यात कोर्टानं सगळ्या राज्यांना सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायची योजना करा म्हणून सांगितलं आणि लई वर्षं बसलोय, लई खर्च केलाय ही कारणं चालणार नाहीत असं स्पष्ट म्हटलं. त्यावरनं आपल्या शासनानं १२ जुलै २०११ चा जीआर काढला. तुमच्या वकिलांना दोन्ही दाखवा. मात्र हे लक्षात घ्या, हे कधी लागू पडेल तर माळ गायरान आहे हे कागदानं दिसलं तर. म्हणून काकांचं काम आधी.

---

शाहूपुरी_व्यापारी

ताई एक शंका. समजा गायरान निघालं तरी कंपनी म्हणणार आमचा ताबा पंचवीस तीस वर्षं आहे. बारा वर्षं ताबा असला की मालक होतो असं ऐकून आहे.

---

वकील_बावडा

बारा वर्षं खाजगी माणसाच्या विरुद्ध. सरकारच्या विरुद्ध मुदतीच्या कायद्यात ३० वर्षं आहेत, अनुच्छेद ११२. आणि नुसती वर्षं मोजून चालत नाही, ताबा उघड, सलग आणि खऱ्या मालकाला आव्हान देणारा लागतो. इथं तर पोल गेल्या वर्षी रोवलेत आणि त्याआधी जनावरं आत चरत होती. शिवाय कंपनी म्हणते आम्ही खरेदीनं मालक. एका तोंडानं मी विकत घेतली आणि दुसऱ्या तोंडानं मी दुसऱ्याची जमीन बळकावून बसलोय हे दोन्ही एकदम बोलता येत नाही, सुप्रीम कोर्टानं २००४ मध्ये कर्नाटक वक्फ बोर्डाच्या केसमध्ये हेच सांगितलंय.

कंपनीनं पैसे मोजले हे खरं असेल. मग ते पैसे ज्यानं विकली त्याच्याकडनं परत मागायचे, गावाच्या माळातनं वसूल करायचे नाहीत.

---

भोगावतीकाठ

पंचगंगाकाठ भाऊ, आमच्या गावात हे झालंय म्हणून कळवळून लिहितोय. आमच्याकडं गावतळ्याच्या काठची जागा होती, तिथं एकानं दावा घातला, ग्रामपंचायत प्रतिवादी. गाव निवांत, म्हटलं पंचायत बघतीय. वकील तारखेला जायचे नाहीत, पंचायतीत कुणी विचारायचं नाही, आणि एक दिवस कळलं की तडजोड पुरसीस, म्हणजे मिटवल्याचं लेखी निवेदन, दिली आणि हुकूमनामा झाला. ग्रामसभेत विषयसुद्धा आला नव्हता. आता बायका धुण्याला दीड किलोमीटर कॅनॉलवर जातात. माझी आई त्यातलीच एक. आम्ही नंतर धावलो, पण तडजोडीचा हुकूमनामा मोडायला त्याच कोर्टात फसवणूक झाली हे दाखवावं लागतं आणि ते दाखवता दाखवता चार वर्षं गेली, अजून चाललंय.

त्यामुळं तुमच्याकडं मिटवायची भाषा सुरू झालीय हे वाचून मला राहवलं नाही. केस नंबर घ्या, ई कोर्टच्या ॲपवर टाका, सीएनआर नंबर सोळा अंकाअक्षरांचा असतो, प्रत्येक तारखेला काय झालं ते कळतं. आणि तारखेला गावातली दोन माणसं कोर्टात बसलेली दिसली पाहिजेत. नुसती बसली तरी फरक पडतो.

---

वकील_बावडा

भोगावतीकाठ यांचं अगदी बरोबर. यासाठीच मी रूल ८ चं म्हटलं. प्रातिनिधिक दावा झाला की ऑर्डर २३ रूल ३ब लागतो, मग कोर्टाच्या परवानगीशिवाय तडजोड करताच येत नाही, केली तर ती बाद, आणि परवानगी देण्याआधी कोर्टानं हितसंबंधी लोकांना नोटीस द्यायची असते. सभामंडपाच्या बदल्यात माळ हे कुणी चार भिंतींत ठरवू शकणार नाही. आणि आजच ग्रामसभेत ठराव घ्या की या दाव्यात ग्रामसभेच्या मंजुरीशिवाय कुठलीही तडजोड करायची नाही. गणपूर्ती सांभाळा, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातली जी कमी ती, नाहीतर ठरावावरच बोट ठेवतील.

---

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवस धावपळीत गेले म्हणून उत्तर उशिरा देतोय.

कैफियतीला अजून २२ दिवस आहेत, बरं झालं विचारलं. प्रतिवादीत फक्त ग्रामपंचायत, सरपंच आणि ग्रामसेवक आहेत, जिल्हाधिकारी नाहीत.

तहसीलला तीन हेलपाटे झाले. तिसऱ्या दिवशी तिथल्या शिपाईमामांनी रुमालात बांधलेला गठ्ठा खाली काढून दिला, कागद इतका जुना की हातात धरला की कडा तुटून पडत होत्या, शाई तपकिरी झालेली. त्यात शेजारच्या कुटुंबाचा जुना रि.स.नं. सापडला. क्षेत्र ३ एकर ८ गुंठे. मी दोनदा वाचलं, मग बरोबरच्या पोराला वाचायला लावलं. आज त्याच जमिनीचा जो गट आहे, कंपनीच्या नावावरचा, त्याचं क्षेत्र सातबाऱ्यावर २ हेक्टर ४१ आर आहे. मला एकर गुंठ्याचं आर मध्ये नीट जमत नाही. काका बघा जरा. आणि नमुना १-ब ला माळ आहे! वेगळा गट नंबर टाकलाय, शेरा गायरान, क्षेत्र १ हेक्टर १२ आर.

---

निवृत्त_तलाठी

करतो, शांतपणे वाचा.

३ एकर ८ गुंठे म्हणजे तीनचाळ एकशेवीस आणि आठ, १२८ गुंठे. एक गुंठा म्हणजे १ आर आणि वर थोडं, नेमकं १.०११७ आर. तर १२८ गुंठ्यांचे झाले साधारण साडे एकशे एकोणतीस आर. म्हणजे १ हेक्टर २९ आर आणि वर अर्धा. आज सातबारा म्हणतो २ हेक्टर ४१ आर. वजा करा. राहिले १ हेक्टर ११ आर आणि वर अर्धा. तुमच्या १-ब वरच्या गायरानाचं क्षेत्र १ हेक्टर १२ आर.

त्या कुटुंबानं मधल्या काळात शेजारची दुसरी कुठली जमीन घेतली असेल तर हा हिशोब बदलेल, म्हणून मधले सगळे फेरफार एकही न सोडता बघा. पण तसा फेरफार जर नसेल तर ही वाढ आली कुठनं? जमीन काय पावसानं वाढत नाही. ती एकत्रीकरणाच्या वेळी माळाचं क्षेत्र शेजारच्या गटात ओढल्यानं आलीय असंच मला दिसतंय. ९(३) ९(४) च्या उताऱ्यात ते उघडं पडेल. नोकरीत असताना असे दोन गट मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत, म्हणून जीव तुटतो.

---

वकील_बावडा

हे चांगलं आहे, पण आकडा जुळला एवढ्यावर दावा जिंकता येत नाही. जमिनीवर कुठला तुकडा कुठला हे मोजणीनं दाखवावं लागतं. ऑर्डर २६ रूल ९ खाली कोर्ट कमिशन मागा, भूमी अभिलेखच्या मोजणीदारानं जुन्या नकाशावरनं दोन्ही गटांची एकत्र मोजणी करावी अशी विनंती करा. एकत्रीकरणाची चूक त्या कायद्याच्या कलम ३२ खाली दुरुस्त करता येते, पण फार उशिरा गेलं की इतकी वर्षं काय केलं हे विचारलं जातं, म्हणून सगळा भार त्यावर टाकू नका. मूळ बचाव हाच ठेवा की सरकारी जमीन कधी कुणाला दिलीच गेली नाही, तसा कुठलाही आदेश नाही, आणि महसूल अधिनियमाच्या कलम २० प्रमाणं ज्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क शाबीत नाही ती सरकारची. जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या की अमुक दाव्यात सरकारला पार्टी केलेलं नाही, आपण हजर व्हावं. सरकारी वकिलांना तुमचा माळ कुठं आहे हे माहीत नसतं, त्यांना नकाशा आणि उतारे तुम्हीच नेऊन द्या.

२०१९ आणि २०२१ च्या पुराचे फोटो, व्हिडिओ ज्यांच्या फोनमध्ये आहेत ते फोन जपून ठेवा, मूळ फाईल उडवू नका. ती कोर्टात द्यायची तर नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आधी ६५ब म्हणायचे तेच. पुराच्या वेळचे चारा वाटपाचे, जनावरांच्या लसीकरणाचे कागद मागवा, त्यात जागेचा उल्लेख असेल तर फोटोपेक्षा ते भारी.

आणि खर्चाचं म्हणाल तर पुढं अपील झालंच तर जिल्हा न्यायालय इथंच आहे आणि १८ ऑगस्ट २०२५ पासनं हायकोर्टाचं सर्किट बेंचसुद्धा कोल्हापुरात सुरू झालंय. आपल्या सहा जिल्ह्यांनी चाळीसेक वर्षं त्यासाठी आंदोलनं केली ती यासाठीच. मुंबईला एका तारखेला दोन माणसं पाठवायची म्हटलं की गावं तिथंच खचायची, ते आता राहिलेलं नाही.

---

शाहूपुरी_व्यापारी

मी माझं मत मागं घेतो. १-ब ला गायरान दिसतंय म्हटल्यावर अर्धा एकर लिहून घ्या म्हणणं चूकच होतं. मोजणीची फी भरायला वर्गणी काढत असाल तर मला कळवा, माझ्याकडनं पण घ्या.

---

पंचगंगाकाठ

शाहूपुरीकर, खरंच बरं वाटलं वाचून. वर्गणी सुरू झालीय, काल दूध डेअरीच्या कट्ट्यावर बसून वही घातली.

ग्रामसभा झाली. कोरम भरून वर तीसचाळीस माणसं जास्त होती, बायका निम्म्याच्या वर. ठराव झाला, तडजोड नाही. सभामंडपाचा विषय निघाला तेव्हा एक आजी उठून म्हणाल्या पुरात माझी म्हैस काय सभामंडपात बांधू? त्यावर परत कुणी काही बोललं नाही. पाचजणांच्या नावानं अर्ज तयार होतोय, त्यात मी पण आहे.

काका एक विचारायचं राहिलं. गावातले एक ८५ वर्षांचे आजोबा म्हणतात माळाच्या वरच्या कोपऱ्याला, निवडुंगाच्या जाळीत, हद्दीचा जुना घडीव दगड आहे, लहानपणी ते त्यावर बसून जनावरं राखायचे. उद्या सकाळी त्यांना खुर्चीतनं उचलून वर नेणार आहे. दगड सापडला तर काय करू? साफ करून चुना मारून ठेवू का?

---

निवृत्त_तलाठी

अजिबात हात लावू नका. चुना नको, खुरपं नको, जाळी पण तोडू नका. जैसे थे चा आदेश आहे, तुम्ही काही हलवलं तर तुमच्यावरच येईल. तारेच्या आत जाऊ नका, बाहेरनं जिथनं दिसेल तिथनं फोटो काढा, एक लांबनं ज्यात मागचा रस्ता आणि विजेचा खांब येईल आणि एक जवळनं. आजोबांना तिथंच उभं करून ते काय सांगतात त्याचा सलग व्हिडिओ घ्या, मधे कापू नका. मग मोजणीला माणूस येईल तेव्हा त्याला तो दगड दाखवा आणि पंचनाम्यात लिहून घ्यायला लावा. आजोबांचं वय बघता वकीलताईंना विचारून त्यांची साक्ष आधी नोंदवून घेता येते का तेही बघा.